तुफानची मुलगी

तळ्याच्या शर्यतीची गोष्ट निघाली की जीनवाली हातातलं काम उचलून आतल्या खोलीत जायची. नवऱ्याला वाटायचं, शंभरदा ऐकून हिला कंटाळा आलाय. पाहुण्यांना वाटायचं, बाई लाजते. खरं कारण तिसरंच होतं आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. दरवर्षी थंडी सरता सरता तळ्याभोवती घोड्यांची शर्यत व्हायची. दगडी पुलापासून सुटायचं, तळ्याला वळसा घालायचा, पलीकडच्या काठावरची बुटकी भिंत ओलांडायची आणि बाजाराच्या मैदानात येऊन दोरी तोडायची. एका वर्षी घोडे सुटले आणि आभाळच फाटलं. वारा असा, की उभ्या माणसाला बसवेल. गारा अशा, की तळ्याचं पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. एकेक स्वार मागे फिरला. फिरला नाही तो एकच पोरगा. सगळे आडोशाला उभे असताना तो एकटा वाऱ्यातून आला आणि दोरी तोडून पुढे निघून गेला. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव तुफान पडलं, ते आजतागायत.

जीनवाली तेव्हा परकरी पोर होती. बापाने शिवलेली घोड्याची जीन पलीकडच्या वस्तीवर पोचवून परत येताना ती वादळात सापडली आणि त्या बुटक्या भिंतीच्या आडोशाला अंग चोरून बसली. त्या पोराची घोडी तिच्या डोक्यावरून गेली म्हणा ना. तिने जे पाहिलं ते असं: लगाम सुटून लोंबत होता, घोडी बेफाम उधळली होती आणि पोरगा डोळे घट्ट मिटून तिच्या मानेला घोरपडीसारखा चिकटला होता. 'आई गं, आई गं' म्हणून रडत होता. मागे फिरायचं त्याच्या हातातच नव्हतं.

तिला त्याचं हसू आलं नाही. उलट तो चेहरा तिच्या मनात जो रुतला तो रुतलाच. पुढे त्याच घरून मागणी आली तेव्हा तिने एका शब्दात होकार दिला. गावाला वाटलं, पोरीने तुफान गटवला. तिने मात्र त्या घाबरलेल्या पोराशी लग्न केलं होतं. तो पोरगा परत कधीतरी भेटेल, एखाद्या संध्याकाळी आपल्यापाशी बसून 'खरं सांगू का तुला' म्हणेल, याची तिने फार वाट पाहिली. तो आला नाही. तुफान तेवढा राहिला, आणि दरवर्षी त्याच्या गोष्टीतल्या गारा मोठ्या होत गेल्या.

तसा संसार वाईट नव्हता. तो चाबूकस्वार होता. लोकांची आडदांड शिंगरं आणायची, त्यांना माणसाळवायचं, पाठीवर जीन घ्यायला शिकवायचं आणि परत धाडायचं, हा त्याचा धंदा. तिची शिवणाची खोली तबेल्याला लागून होती. मधल्या भिंतीतल्या खिडकीतून घोड्यांचे उसासे ऐकू यायचे. बापाकडून आलेली आरी, मेण लावलेला दोरा, चामड्याचे तुकडे आणि दोन गुडघ्यांत धरायचा लाकडी चिमटा एवढ्यावर ती दिवस दिवस बसायची. जीन, लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे, जे तुटेल ते तिच्याकडे यायचं.

त्यांना एकच मुलगी. अंगाने इवलीशी आणि हट्टाला पेटली की भिंत चढणारी, म्हणून बापानेच तिचं नाव मुंगी ठेवलं. मुंगीला चालायच्या आधी घोड्यावर बसता आलं, असं तो सांगायचा, आणि ही गोष्ट मात्र फारशी फुगवलेली नव्हती. धुक्याच्या सकाळी तो तिला आपल्या कोटात बटणं लावून बंद करायचा, फक्त डोकं बाहेर, आणि घोडीवरून कुरणाला फेरी मारून आणायचा. परत आली की पोरीच्या पापण्यांवर दव साचलेलं असायचं. ती थोडी मोठी झाल्यावर तो मैदानाच्या मधोमध उभा राहून ओरडायचा, "खाली बघू नको, घोडीला रस्ता ठाऊक आहे! तू पुढे बघ, पुढे!" पडली की धावत जायचा नाही. लांबूनच विचारायचा, "मोडलं काय?" ती म्हणायची, "नाही." "मग बसलीस काय? ती बघ, घोडी हसतेय तुला." आणि बापलेक दोघं मैदानभर हसायची. जीनवाली मैदानाकडच्या खिडकीतून बघायची आणि टाका चुकायचा.

करडी जन्मली तेव्हा मुंगी शाळेत होती. तिची आई, तबेल्यातलीच घोडी, विताना गेली, म्हणून शिंगराला बाटलीने दूध पाजायची वेळ आली. बाप आणि मुलगी पाळी लावून तबेल्यात बसायची. पाऊस गळायचा तिथे बापाने आपला रेनकोट छताला बांधला आणि स्वतः भिजत राहिला. अशी ती करडी. त्या दोघांनी मिळून वाढवलेली, दोघांच्याही शिटीला कान टवकारणारी.

मग एका उनाड शिंगराने बापाला लाथ मारून पाडलं. कमरेचं हाड सांधलं पण वाकडं सांधलं. चालताना पाय ओढायला लागला, आणि घोड्यावर मांड बसेना. शिंगरं जमिनीवरून शिकवायची आणि स्वारी मुंगीने करायची, अशी धंद्याची नवी घडी बसली. तो म्हणायचा, "माझे पाय घरात दुसऱ्या कुणाला तरी फुटलेत." म्हणायचा हसतच. पण जेवताना अन्न चिवडायला लागला होता.

मुंगी भरात आली. आसपासच्या लहानसहान शर्यती करडीवरून तिने अशा मारल्या की लोक बघायला येऊ लागले. गावातल्या नालबंदाच्या छपरीत संध्याकाळी मंडळी जमायची. भात्याची ऊब, लोखंडाचा ठणठणाट आणि फुकटच्या गप्पा. इतकी वर्षं तिथली बसायची मोडकी खुर्ची तुफानची होती आणि गोष्टही त्याचीच. आता लोक विचारू लागले, "मुंगी काय म्हणतेय? यंदा तळ्याला उतरणार ना?" एकदा नालबंद खूर तासता तासता बोलून गेला, "गड्या, आता तुला तुफान म्हणायचं की मुंगीचा बाप?" सगळे हसले. तोही हसला. मग थोड्या वेळाने कंबर दुखते म्हणून उठला आणि घरी आला.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर त्याने मुंगीच्या बसण्यात चूक काढली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तुला घोडी चांगली मिळालीय म्हणून पळतेस."

मुंगी पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाली, "मग तुम्हाला काय गाढव मिळालं होतं का, बाबा?"

जीनवालीला हसू फुटलं. त्याला नाही फुटलं. तो ताटावरून उठला. पोरीने आईकडे बघितलं, आईने नजरेनेच 'राहू दे' म्हटलं. त्या नजरेत तिने बऱ्याच गोष्टी राहू दिल्या.

त्या आठवड्यानंतर त्याने तबेल्यात जाणंच टाकलं. बादली, खुराक, खरारा, सगळं मुंगीवर पडलं. शर्यत जवळ आली तशी हवा बिघडली. सकाळी ऊन, दुपारी काळवंडून यायचं, संध्याकाळी तळ्याकडून असा वारा सुटायचा की तबेल्याचा पत्रा थडथडायचा. त्याचं एक नवीनच पालुपद सुरू झालं: "यंदा हवा धोक्याची आहे."

"तुमच्या वेळी काय चांदणं पडलं होतं?" मुंगी विचारायची.

"माझी गोष्ट वेगळी."

"का? मुलगी आहे म्हणून?"

"तुला अनुभव नाही म्हणून."

"तुम्हाला तरी तेव्हा कुठे होता? माझ्याएवढेच तर होतात."

तो बायकोकडे बघायचा, ही काहीतरी बोलेल म्हणून. जीनवाली आरीला मेण लावत राहायची. पोरीने जावं असं तिला वाटत होतं. भीतीही वाटत होती, पण जावं असंच वाटत होतं.

शर्यतीच्या दिवशी ती पहाट फुटताना उठली. चहा ठेवला आणि खोलीच्या खिडकीशी आली तर तबेल्यात तिचा नवरा. एका हातात जड बादली, पाय ओढत ओढत तो करडीकडे चालला होता. घोडीच्या कपाळावर त्याने कपाळ टेकवलं, थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि मग बादली द्रोणीत रिकामी केली. रुसवा गेला एकदाचा, पोरीच्या शर्यतीची तयारी बाप करतोय, असं तिला वाटलं. तिला इतका आनंद झाला की तिने चहात साखर जास्त घातली. मुंगी उठल्यावर तिने सांगितलं, "खुराक झालाय गं, तुझ्या बाबांनी केलाय." मुंगीने आईला मिठी मारली.

दुपारी दगडी पुलावर माणसांची गर्दी झाली. आभाळ खाली आलं होतं. शर्यत पुढे ढकलायची का यावर थोडी हुज्जत झाली, पण घोडे तापलेले आणि स्वारही तापलेले, कोण ऐकतो! घोडे सुटले. पहिल्या वळणावरच करडी पुढे निघाली. वाऱ्याचा झोत आला तशी मुंगी घोडीच्या मानेवर वाकली, पण लगाम हातात होता आणि डोळे उघडे होते. जीनवाली बाजाराच्या मैदानात दोरीपाशी उभी होती. तिने ते लांबून, तळ्याच्या पाण्यावरून बघितलं आणि तिचा ऊर भरून आला. गारा सुरू झाल्या तरी ती जागची हलली नाही.

पलीकडच्या काठावर करडी अडखळली. आधी वाटलं पाय घसरला. मग ती मंदावली. बुटकी भिंत तिने कशीबशी ओलांडली आणि पलीकडे उतरताच मान खाली घालून चालायला लागली. बाकीचे घोडे एकेक करून तिच्या बाजूने निघून गेले. मुंगी खाली उतरली. तिने पोटाखाली हात घालून तंग सैल केला आणि लगाम धरून, भर गारांमध्ये, घोडीला चालवत आणलं. सगळ्यांत शेवटी ती मैदानात पोचली तेव्हा लोक पांगायला लागले होते.

तुफान दोरीपाशीच होता. कुणीतरी हळहळलं, "काय झालं रे? पुढे होती की!" तो म्हणाला, "सुरुवातीलाच दम काढला पोरीने. घोडी राखून पळवायची असते." हे तो मोठ्याने म्हणाला. मुंगी तेवढ्या अंतरावर होती की तिला ऐकू गेलं. तिने मान खाली घातली.

घरी आणल्यावर करडीने अंग टाकलं. लोळायची, उठायची, वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची, परत लोळायची. घामाने काळी पडली. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने पोटाला कान लावला, घशातून नळी घातली, सुई टोचली. "सकाळी काय खाल्लंय हिने?" त्याने विचारलं.

"रोजचंच," तुफान म्हणाला. "मूठभर जव. शर्यत होती ना."

"पोट तर दगड झालंय." डॉक्टरने मुंगीकडे बघितलं. "फार पळवलीस का? घामाघूम असताना पाणी पाजलंस का कुठे?"

मुंगीने नकारार्थी मान हलवली, मग होकारार्थी, मग तोंडावर हात घेतला. जीनवालीचं लक्ष मात्र नवऱ्याकडे होतं. तो मुंगीकडे बघत नव्हता, डॉक्टरकडे बघत नव्हता आणि करडीकडे तर अजिबात बघत नव्हता. छताला बांधलेल्या त्या जुन्या रेनकोटाकडे बघत उभा होता.

दिवेलागणीच्या सुमाराला करडी गेली. मुंगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बाबा, मी मारली हिला." आणि बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवला आणि म्हणाला, "होतं असं, बाळा. शिकशील." जीनवाली दारात उभी होती. त्या 'शिकशील'ने तिच्या अंगावर काटा आला, आणि का आला ते तिला तेव्हा नीट कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. माणसं घोडीला ओढून घेऊन गेल्यावर ती तबेला धुवायला गेली. द्रोणीच्या कोपऱ्यांत जव चिकटले होते, भिजून टपोरे फुगलेले. मूठभर जवांचा एवढा लगदा होत नाही. तिने धान्याची पेटी उघडली. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तिनेच ती काठोकाठ भरली होती. आता हात घातला तर कोपरापर्यंत गेला. ती तशीच पेटीत हात घालून उभी राहिली. खिडकीतून पाहिलेली ती जड बादली तिला आठवली, आणि चहातली साखरही.

तो शिवणाच्या खोलीत आला तेव्हा ती काम करत नव्हती. नुसती बसली होती.

"किती घातलेत?" तिने विचारलं.

"काय?"

"जव. किती घातलेत करडीला?"

त्याने आधी आवाज चढवला, मग 'तुला काय कळतं' म्हणून पाहिलं, मग पायाचं दुखणं पुढे केलं. शेवटी तो चामड्याच्या गठ्ठ्यावर बसला.

"मरायला नव्हते घातले गं. जड होईल, पळणार नाही, पुलावरून शंभर पावलं गेली की थांबेल, असं वाटलं. पोर घरी येईल, बस. हवा बघितलीस ना? काही झालं असतं म्हणजे?"

"पोरीच्या काळजीने केलंत?"

"मग कशाने?"

"मला विचारता?" ती म्हणाली. "ती पोचली असती म्हणून केलंत. त्या हवेत, लगाम हातात धरून, डोळे उघडे ठेवून ती पोचली असती. तुमच्यासारखं मानेला चिकटून, आईच्या नावाने रडत नाही."

त्याचा चेहरा हळूहळू उतरला, भांड्यातलं पाणी उतरावं तसा.

"मी त्या भिंतीआड बसले होते," ती म्हणाली. "तेव्हापासून मला ठाऊक आहे."

"आणि तू... इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं मी त्या पोराची वाट बघितली. तो मला आवडला होता. हा तुफान मला कधीच आवडला नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिला ते पुसावंसं वाटलं नाही. पोरगी घराच्या पार पलीकडच्या खोलीत उपाशीतापाशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तिला सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाने सांगा. मी सांगणार नाही."

"सांगतो. दोन दिवस जाऊ देत. सांगतो."

दोन दिवस गेले, आणखी गेले. मुंगीने बूट माळ्यावर टाकले. लोकांची शिंगरं यायची ती तिने परत पाठवली. "माझ्या हातात देऊ नका," म्हणायची. रोज तबेला झाडायची, रिकामा असला तरी. बाप तिच्याशी कधी नव्हे इतका गोड वागायला लागला. तिच्या ताटात आपल्या हाताने वाढायचा, शेजारी बसायचा, 'बाळा, बाळा' करायचा. मुंगीही त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय माया आहे बापलेकीची! जीनवालीला ते बघवत नसे. त्याने पोरगी परत मिळवली होती आणि तिला देण्यासारखी जी एकच गोष्ट त्याच्याकडे होती ती तो दडवून बसला होता.

एकदा ती दुरुस्त केलेला लगाम द्यायला नालबंदाच्या छपरीकडे गेली. बाहेरूनच नवऱ्याचा आवाज आला. मोडक्या खुर्चीतून तो सांगत होता, "...घोडी अशी होती, की पुन्हा होणे नाही. पण काय करता? पोर आहे. रक्त गरम. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. आपण बाप आहोत, पोटात घालायचं." आणि नालबंद म्हणत होता, "तू म्हणून रे, तुफान. दुसऱ्याने कातडं सोललं असतं." लोक माना डोलवत होते.

जीनवालीने लगाम दारातल्या खिळ्याला अडकवला आणि आत न जाता घरी परतली. मुंगी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. आईने तिच्या हातातला ओला कपडा काढून घेतला आणि सगळं सांगितलं. बादली, पेटी, द्रोणी, सगळं. भिंतीआडची गोष्टही सांगितली. सांगताना तिला वाटत होतं की पोरीच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवतोय. पोर रडेल, चिडेल, मग मोकळी होईल.

मुंगी रडली नाही. ओल्या हातांनी दोरी धरून उभी राहिली.

"तू सकाळी बघितलंस त्यांना?"

"बघितलं. पण मला वाटलं..."

"आणि मला कधी कळलं असतं? तू आज सांगितलं नसतंस तर?"

"मी त्यांना म्हटलं होतं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगायला हवं होतं, गं."

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं. इतके दिवस मी तिथे झाडत होते, आणि तुला ठाऊक होतं."

आई हातातला ओला कपडा पिळत राहिली.

"करडी गेली तेव्हा निदान बाबा होते," मुंगी म्हणाली. "मी चुकले तरी त्यांनी मला जवळ घेतलं, एवढं होतं माझ्याकडे. ते कशाला काढून घेतलंस, आई? त्यांनी सांगायचं होतं ना? मग त्यांनाच सांगू द्यायचं होतंस. नाहीतर पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस."

तिने उरलेले कपडे वाळत घातले, एकही सुरकुती न ठेवता. मग आत जाऊन पिशवी भरली. बाप छपरीतून परतला तेव्हा ती ओसरीवर चपला घालत होती. त्याने आधी तिच्याकडे, मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजून चुकला. त्याने हात पुढे केला. मुंगी त्याच्या बाजूने निघून गेली, त्याला धक्का न लावता, गर्दीत अनोळखी माणसाच्या बाजूने जावं तशी.

ती शहरात मामाकडे गेली. तिथे एका दवाखान्यात नाव नोंदवून घ्यायच्या खिडकीवर बसते. बरी आहे. घोड्यांचं नाव काढत नाही. मामी सांगते, रस्त्यात घोडागाडी दिसली तर पलीकडच्या बाजूला जाते. गावात लोक म्हणतात, पोरीने घोडीचा फार धसका घेतला. तुफान अजून छपरीत जातो, पण आता गोष्ट कुणी विचारली तर 'जाऊ दे रे' म्हणतो, आणि लोकांना त्यातही त्याचा मोठेपणा दिसतो. नवराबायको एका घरात राहतात, एका वेळी जेवतात. मीठ हवं का, दार लावलंस का, एवढं बोलतात.

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोन येतो. मायलेकींचं बोलणं सगळं हवेचं. तिकडे पाऊस आहे का? आहे. इकडे नुसतं गदमदतंय. थंडी पडली का? पडेल आता. फोन चालू असेतो तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो, पाय बदलत, जणू कामासाठीच तिथे आलाय. फोन ठेवला की विचारतो, "माझं काही विचारलं?"

"नाही," ती म्हणते. ते खरंच असतं. तो "बरं" म्हणतो आणि तबेल्याकडे जातो, जिथे आता काहीच काम नसतं.

मागच्या वेळी हवेचं बोलून झाल्यावर मुंगी जराशी थांबली. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बाबा जेवतात ना नीट? कमरेला शेक घेतात का?"

"घेतात," आई म्हणाली.

फोन ठेवून ती वळली. तो चौकटीत उभा होता. म्हातारा झाला होता. त्याच्या सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. त्याने विचारलं, "माझं काही विचारलं?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली, आणि खोलीत जाऊन चामडं कापायला बसली.